विजूच्या नावाची घागर

अनसिंगच्या प्रयागबाईनं एकदा पाटलाचा आवाज काढून त्याच्याच गड्याला भरदुपारी वावरातून घरी पिटाळलं होतं. अर्ध्या वाटेवर गड्याला आठवलं, की पाटील तर सकाळीच कचेरीच्या कामाला वाशीमला गेलेला. अशी ती बाई. कोतवालाची दवंडी, गुरवाची नाकातली आरती, दीर जगदेवचं वाक्यागणिक ‘म्हंजे पाहा आता’, सगळं तिच्या गळ्यात हाताशी ठेवलेलं. नवरा गेला तेव्हा पोरगी विजयमाला दोन वर्षांची होती. तेव्हापासून निंदण, कापूस वेचणं, जे मिळेल ते तिनं केलं. निंदायला बसताना तिच्या शेजारची पात, पिकाची ओळ, मिळावी म्हणून बायांची भांडणं होत. तिच्या शेजारी दिवस लवकर बुडतो, असं त्या म्हणत.

विजू सतराची झाली आणि खोकू लागली. रक्त पडलं तेव्हा प्रयागबाईनं तिला गाडीत घालून वाशीमच्या मिशनच्या दवाखान्यात नेलं. क्षयाच्या रोग्यांची पडवी वेगळी होती. रोग्यांच्या घरची माणसं समोरच्या कडुनिंबाखाली तीन दगड मांडून स्वैपाक करत. प्रयागबाईनंही दगड मांडले. सात महिने ती तिथं राहिली, आणि पहिल्या आठवड्यातच डॉक्टरापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांचे आवाज तिनं उचलले.

दर रविवारी पडवीत पाद्री यायचे. नगरकडचे होते. एकेक शब्द अंडं ठेवावं तसा हळू खाली ठेवायचे. आधी घसा साफ करायचा, मग चष्मा बोटानं वर ढकलायचा, आणि मग, “प्रियांनो, तारण विकत मिळत नाही, कमावता येत नाही. आपली चूक ओळखावी, ती देवापुढं कबूल करावी. ख्रिस्तावर मनानं विश्वास ठेवावा आणि तोंडानं तसं बोलावं. एवढंच लागतं.”

दुसऱ्या रविवारपर्यंत हे सगळं प्रयागबाईला आलं, घशाच्या खाकरण्यासकट. पाद्री फाटकाबाहेर पडले, की इकडं दुसरे पाद्री सुरू. अख्खी पडवी हसायची. खाटाखाटांवरून बायकांना अक्षरं आणि वचनं शिकवत फिरणारी सुंदरबाई पदर तोंडाला लावून हसायची. विजू तर खोकला येईपर्यंत हसायची.

पण आईच्या नकलेतले शब्द पोरीच्या मनात राहून गेले. दिवाळीपर्यंत ती सुंदरबाईजवळ बसून अडखळत वाचू लागली. नाताळच्या आदल्या दिवशी पाद्रींनी तिला विचारलं, तुझा ख्रिस्तावर विश्वास आहे का. प्रयागबाई दाराशी तांदूळ निवडत होती. तिनं ऐकलं.

“हो. मी ठेवते. मनापासून.”

प्रत्येक शब्दानंतर श्वास घ्यायला थांबलेला तो बारीक आवाज. तोही प्रयागबाईच्या गळ्यात जाऊन बसला.

पुढच्या रविवारी डोक्यावर पाणी टाकून बाप्तिस्मा द्यायचं ठरलं. प्रयागबाई रागावली नाही. देव कोणता धरावा ते ज्याचं त्यानं पाहावं, असं तिचं मत होतं. पण तेवढ्यात जगदेव येऊन गेला. त्याच्या पोरीचं लग्न आखाजीनंतर ठरलेलं. म्हंजे पाहा आता वहिनी, तो म्हणाला, हिच्यावर ते पाणी पडलं तर आपल्या मांडवात एक पाहुणा जेवाचा नाही. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तो गेल्यावर प्रयागबाई पोरीच्या खाटेवर बसली.

“पोरी, लगन होईपर्यंत थांब. मंग घे तुले पायजे ते.”

“मी थांबीन वं माय,” विजू हसत म्हणाली. “खोकला थांबन का?”

दोघीही हसल्या.

फाल्गुनात, होळीच्या तिसऱ्या दिवशी, विजू गेली. पाद्री तेव्हा दूर कुठल्या खेड्यावर होते. सुंदरबाईनं माणूस धाडला होता, पण ते यायच्या आत जगदेवनं गाडी जुंपून मयत अनसिंगला नेली.

त्यानंतर प्रयागबाई कामाला गेली, भाकरी थापली, माणसांशी बोलली. आत मात्र एकच गोष्ट फिरत होती. नवस फेडायचा राहिला तर जीव वाटेत अडकतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक. पोरीनं त्या देवाला शब्द दिला होता, आणि पाणी घ्यायचं राहिलं होतं. दार लागलेलं, विजू बाहेर उभी. आणि तिला थांब म्हणणारी कोण, तर आई.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. त्या दिवशी घरोघर मेलेल्या माणसाच्या नावानं नवी घागर भरतात. कुणाला तरी पितर म्हणून पाटावर बसवतात आणि जेवू घालतात. तो जे पाणी पितो ते मेलेल्याला पोचतं. जगदेवनं शेजारची एक पोरगी विजूच्या नावानं बसवायची ठरवली होती. प्रयागबाईनं उजाडायच्या आत नवी घागर विजूच्या सवयीच्या विहिरीवर भरली आणि वाशीमला निघालेल्या गाडीत जाऊन बसली. घागर मांडीवर. वाटेत अर्धं पाणी हिंदकळून तिच्या लुगड्यावर सांडलं.

पाद्री मिशनच्या देवळात मोडक्या बाकाला खिळे ठोकत होते. सुंदरबाई झाडत होती. प्रयागबाईनं घागर खाली ठेवली.

“पाद्रीबाबा, मले पितर म्हणून बसवा. हे पाणी विजूच्या नावानं माह्या डोक्यावर टाका. तिले पोचते.”

पाद्री हसले नाहीत. हातोडी ठेवून ते तिच्यासमोर खालीच बसले. एकानं औषध घेऊन दुसऱ्याचा ताप उतरत नाही, तसंच हे आहे, ते म्हणाले. विश्वास ज्याचा त्यानंच ठेवायचा असतो. आईनं लेकीसाठी नाही, लेकीनं आईसाठी नाही.

“मंग पोरगी अडकली,” प्रयागबाई म्हणाली.

तेव्हा पाद्रींनी तिला ख्रिस्ताच्या शेजारी क्रूसावर टांगलेल्या चोराची गोष्ट सांगितली. त्याला पाणी घ्यायला सवड नव्हती. एखादं पुण्याचं काम करायला हातही मोकळे नव्हते. माझं चुकलं, मला आठवा, एवढंच तो म्हणाला, आणि त्याच दिवशी त्याला आत घेतलं. पाणी ही खूण आहे, बाई. आत जे झालं त्याची. विजयमालेच्या आत ते नाताळातच झालं होतं. ती कुठंही अडकलेली नाही.

प्रयागबाईनं घागरीचा काठ पदरानं पुसला. होळीपासून छातीवर बसलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. मग तिच्या ध्यानात आलं, की पोरगी आत आहे आणि आता बाहेर आपण आहोत.

“मंग मी?” तिनं विचारलं. “मले येऊ देतीन का तिच्याजवळ?”

कुणालाच परत पाठवत नाहीत, पाद्री म्हणाले. चोराला जे लागलं तेच तुम्हाला लागेल. त्यांनी चष्मा पुसला आणि विजूला विचारलं होतं तेच विचारलं. “प्रयागबाई, तुमचा ख्रिस्तावर विश्वास आहे का?”

“हो. मी ठेवते. मनापासून.”

सुंदरबाईच्या हातातला झाडू पडला. तोच बारीक आवाज, तेच श्वासाला थांबणं. पाद्रींनी डोळ्यांवर हात धरला.

“हा विजयमालेचा आवाज आहे, बाई,” ते म्हणाले. “तिचं उत्तर मी ऐकलंय. तुमचं सांगा.”

प्रयागबाईनं पुन्हा तोंड उघडलं. घसा खाकरला गेला आणि पाद्रींचाच आवाज बाहेर आला. तो आपला नाही, हे तिलाही कळलं. तिसऱ्यांदा काहीच आलं नाही.

“पोरगी तिथं हाय म्हणून मी हो म्हणून राह्यली,” ती शेवटी म्हणाली. “ते हो नोहे. तुमाले फसवता येईन पाद्रीबाबा. तिले नाही येत.”

मग आज पाणी टाकत नाही, पाद्री हळूच म्हणाले. घाई नाही, मी थांबतो.

“विजूलेही मी थांबच म्हटलं होतं.”

एखाद्या प्रार्थनेची सुरुवात केल्यासारखे पाद्रींचे ओठ हलले आणि मिटले.

आखाजीची घागर भरलेली घरी नेत नाहीत. प्रयागबाई पायरीवर ती घेऊन उभी राहिली. पाद्री बाहेर आले, वाकले, त्यांनी ओंजळ धरली. पितर म्हणून नाही, तहान लागली म्हणून पितो, असं त्यांनी आधीच सांगितलं. तिनं पाणी ओतलं. उरलेल्या पाण्याची घागर सुंदरबाईनं पडवीच्या सावलीत रोग्यांसाठी ठेवली.

परतीच्या गाडीतून प्रयागबाई गावाअलीकडं नाल्यावरच उतरली. गाडी दिसेनाशी झाल्यावर तिनं तोंड उघडलं. आतून कोण बोलेल, याची तिला खात्री नव्हती.

“पोरी, मीच थांबवलं तुले. चूक माही हाय.”

आवाज जाड होता, फाटलेला. ओळखीचा वाटेना. तिनं मागं वळून पाहिलं. नाल्यात तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

पावसाळ्यात निंदण लागलं. शेजारची पात मिळवून बसलेल्या धुरपताबाईनं गळ घातली, की वाशीमचा पाद्री कसा बोलतो ते काढ एकदा. बाकीच्या बायाही विळे थांबवून वाट पाहू लागल्या. प्रयागबाई मान खाली घालून पात ओढत पुढं गेली. त्या दिवशी दिवस बुडायला फार वेळ लागला.