रांगेतली मोकळी जागा

सुलक्षणा करमरकर ज्या हॉलची मॅनेजर होती, तिथल्या मुलांना पहिल्या आठवड्यातच कळायचं की या बाईच्या समोरून गुपचूप निसटता येत नाही. नॉटिंगहॅमहून पाऊण तासावरच्या एका विद्यापीठाचं ते वसतिगृह. तिचं टेबल दाराशीच होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती नावाने हाक मारायची. मूळची सांगलीची. नवरा शशिधर भूलतज्ज्ञ, त्याच्या नोकरीपायी इंग्लंडला आली आणि पंचवीस वर्षांत इथलीच होऊन गेली. माणसांवर लक्ष ठेवायची सवय मात्र तिने सांगलीहून आणली होती ती तशीच राहिली. कोण जेवत नाही, कोणाचं जमलंय, कोणाचं फाटलंय, सगळं तिला ठाऊक. अशा माणसांचा फार आधार वाटतो. थोडी भीतीही वाटायला हवी, पण ती कोणाला वाटत नाही.

तिचा स्वतःचा मुलगा सुयश त्याच विद्यापीठात इंजिनिअरिंगला होता. आईचा डोळा चुकवण्यासाठी त्याने कॅम्पसच्या पार दुसऱ्या टोकाचा हॉल निवडला होता. दर शुक्रवारी मळक्या कपड्यांची बॅग घेऊन तो घरी यायचा, जेवायचा, झोपायचा आणि फारसं काही न सांगता परत जायचा.

हॉलमधला तिचा सर्वांत लाडका मुलगा म्हणजे लामीन. आईवडील सिएरा लिओनचे, जन्म लंडनचा, शिक्षण फार्मसीचं. पहिल्या वर्षी तापाने फणफणला तेव्हा सुलक्षणाने घरून मऊ भात आणि मेतकूट आणून त्याला भरवलं होतं. तेव्हापासून तो रोज टेबलाशी थांबायचा, तिच्या डब्यातल्या चिवड्यात हक्काने हात घालायचा आणि "ऑन्टी, यू ओके?" विचारायचा. आमच्याकडेही मोठ्या बायकांना ऑन्टीच म्हणतात, असं त्याने सांगितलं तेव्हा ती दिवसभर खूश होती.

ऑक्टोबर संपता संपता लामीन बदलला. सकाळी तिच्यासमोरून गेला तो मान खाली घालून. तिने हाक मारली, तो थांबला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. काळी पँट, काळा हूडी. शेजारच्या खोलीतला त्याचा जुना मित्र म्हणाला की हल्ली लामीन आमच्यात बसतच नाही. सुलक्षणाला काळजी वाटली, आणि खरं सांगायचं तर तिच्या मनाला लागलंही. ज्याला आजारपणात भरवलं तो आता ओळखही दाखवत नाही, हे तिला सहन होईना. काळजी आणि राग एकदा एकत्र शिजले की कुठली चव कशाची, ते कळेनासं होतं.

मग एका सकाळी तिने ती रांग पाहिली. धुकं होतं. लामीन हॉलच्या पायऱ्यांवर थांबला, गळ्यातलं काळं फडकं नाकापर्यंत ओढलं, हूड डोक्यावर घेतला आणि बाहेर उभ्या असलेल्या सहा जणांच्या पुढे जाऊन उभा राहिला. सगळे तसेच झाकलेले. प्रत्येकाने पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळे एकदम, एकाच पायाने चालायला लागले. कोणी बोलत नव्हतं. ओल्या फरशीवर बुटांचा एकच ठोका पडत होता. लायब्ररीच्या वाटेवर दोन मुली बाजूला सरकून भिंतीला टेकल्या, त्यांच्याकडेही कोणी पाहिलं नाही.

हॉलच्या सगळ्या स्टाफला दरवर्षी एक सक्तीचं ट्रेनिंग असायचं. मुलं वाईट मार्गाला, अतिरेकी लोकांच्या नादी लागतायत हे कशावरून ओळखायचं, त्याचं. कपडे बदलतात, जुने मित्र तुटतात, नवा गट येतो, गुप्तता येते. सुलक्षणाने ते चहा पीत पीत ऐकलं होतं, पण आता त्यातलं एकेक वाक्य लामीनच्या अंगावर चपखल बसत होतं. वरच्या मजल्यावर जाऊन त्याच्याशी दोन शब्द बोलावेत, असं तिच्या मनात आलं होतं. पण तो पुन्हा मान फिरवेल या विचाराने ती गेली नाही. ती सेफगार्डिंगच्या, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेचं बघणाऱ्या ऑफिसात गेली.

तिथल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्या सातांपैकी कोणाला ओळखता, विचारलं. एकालाच, असं म्हणून सुलक्षणाने लामीनचं पूर्ण नाव सांगितलं. धर्म विचारला, तोही सांगितला, मुस्लिम. बाई म्हणाल्या, "यू डिड द राइट थिंग. आता तुम्ही त्याच्याशी काही बोलू नका, प्लीज. पुढचं आम्ही बघतो."

पुढचं त्यांनी बघितलं ते असं. साध्या कपड्यातले दोन पुरुष आणि एक बाई आली. लामीनच्या खोलीचं दार तासभर बंद होतं. बाहेर पडताना त्यातल्या एकाच्या हातात लामीनचा लॅपटॉप होता, आणि लामीन त्यांच्या मधून चालत होता. आठवडाभरात कळलं की हॉस्पिटलमधलं त्याचं प्लेसमेंट, म्हणजे कामाचं प्रशिक्षण, थांबवलंय, आणि चौकशी संपेपर्यंत त्याला कॅम्पसवर यायला बंदी आहे. हॉलमधली मुलं टेबलासमोर आली की आवाज खाली करायची. सुलक्षणा स्वतःला बजावत राहिली की काही नसेल तर सुटेल तो.

रांग मात्र थांबली नाही. लामीनला नेलं त्याच्या दुसऱ्याच सकाळी ती हॉलच्या पायऱ्यांशी आली. आता सहाच जण होते, पण सर्वांत पुढे त्यांनी एका माणसाची जागा मोकळी सोडली होती. त्या जागेमागच्याने हात पुढे केलेला होता, समोर खांदा असावा तसा. ते तसेच चालत गेले, आणि सुलक्षणा खिडकीतून मागे सरकली.

त्या शुक्रवारी सुयश घरी आला तेव्हा चार वाजून गेले होते आणि बाहेर अंधारायला लागलं होतं. शशिधर हॉस्पिटलात होता. सुलक्षणा कणीक मळत होती. सुयश लंगडत आला आणि जॅकेट न काढताच टेबलाशी बसला.

"पायाला काय झालं?"

"प्रॅक्टिस. आई, तुझ्या हॉलमधला लामीन, यू नो हिम, राइट?"

तिचे हात कणकेतच थांबले. "ओळखते. का रे?"

"तो आमचा नंबर वन आहे. मी फाइव्ह."

तिला आधी कळलंच नाही. मग त्याने सांगितलं, अडखळत, निम्मं इंग्रजीत. विद्यार्थ्यांच्या आफ्रिकन-कॅरिबियन सोसायटीतली एक सीनियर मुलगी वर्षभर अमेरिकेत शिकून आली होती. तिथे गुलामगिरी संपल्यावर काळ्या लोकांना कुठेच प्रवेश मिळत नव्हता, तेव्हा त्यांच्यासाठी जी कॉलेजं निघाली, त्यांपैकी एका जुन्या कॉलेजात. तिथली प्रथा तिने इथे आणली. नव्या मुलांनी काही आठवडे रांगेने चालायचं, बाहेरच्यांशी बोलायचं नाही, नाव लावायचं नाही, फक्त नंबर. एकट्याने काही करायचं नाही. शेवटी सगळ्यांसमोर पायांनी ठेका धरून नाचायचं आणि तोंडावरचं फडकं काढायचं. सुयश लहानपणापासून ढोल-पथकात वाजवणारा, ठेका ऐकूनच तो तिकडे ओढला गेला होता.

"दॅट्स इट, आई. इट्स अ डान्स. आणि कोणीतरी त्याला टेररिस्ट म्हणून रिपोर्ट केला. त्याचा लॅपटॉप घेतला. बाकीचे कोण विचारलं तर तो सांगत नाही. त्याला वाटतं की मग आमच्या घरी पण पोलिस येणार. ते म्हणतात हा लपवतोय."

आईला पोराची चाल लांबून ओळखू येते म्हणतात. सुलक्षणाला ओळखू आली नव्हती. ती पहिल्याकडेच बघत राहिली होती.

"तुम्ही जाऊन सांगा ना मग," ती म्हणाली, आणि म्हणताक्षणीच तिला जाणवलं की आपण काय बोललो. पुढच्या उन्हाळ्यात सुयशची विमानांच्या इंजिनांच्या कंपनीत इंटर्नशिप होती. त्यासाठीचं सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे सुरक्षा तपासणीतून मिळणारी परवानगी, अजून यायचं होतं, आणि शशिधरने ती बातमी सांगलीपर्यंत पोचवली होती.

"मंडेला जाणार सगळे. बाबांना नको सांगू. पण आई, तू आधी बोल ना त्यांच्याशी. तू लामीनला ओळखतेस. तुझं ऐकतील."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिचे हात पिठाने माखलेले, म्हणून सुयशनेच स्पीकर लावला. पलीकडचा आवाज पुरुषी आणि फार अदबशीर होता. चौकशी करणाऱ्यांपैकीच तो होता. लामीनने आपल्याला ओळखणारी कॅम्पसवरची एकमेव मोठी व्यक्ती म्हणून मिसेस करमरकरांचं नाव दिलंय, असं तो म्हणाला.

"मला जरा गोंधळ होतोय," तो सावकाश म्हणाला. "कारण मूळ रिपोर्टही माझ्यासमोर आहे. तोही तुम्हीच केलाय. बरोबर?"

सुयश तिच्याकडे बघत होता. तिने मान वर केली नाही. "हो," ती म्हणाली. "मी काळजीपोटी केला. तो चांगला मुलगा आहे. माझी चूक झाली, तो रिपोर्ट मला मागे घ्यायचाय."

"तो मागे घेता येत नाही, मिसेस करमरकर. पण त्यात भर घालता येते. त्या रांगेतल्या बाकीच्यांपैकी कोणी तुम्हाला माहीत आहे? त्यामुळे लामीनला मदतच होईल."

सुलक्षणाला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती. दुसऱ्याच्या मुलाचं नाव सांगताना तिला विचार करावा लागला नव्हता. धर्मसुद्धा तिने पटकन सांगितला होता. आता एवढंसं नाव होतं, बाळसं धरायच्या आधी तिनेच ठेवलेलं, आणि ते तोंडातून निघेना.

"नाही," ती म्हणाली. "कोणीच नाही."

सुयश उठला. त्याने फोन उचलून स्वतःजवळ घेतला.

"सुयश, नको," ती मराठीत म्हणाली. "बाळा, आधी बाबांना विचारू."

त्याने फोनवर आपलं पूर्ण नाव सांगितलं. पलीकडून त्या माणसाने स्पेलिंग विचारलं. सुयशने एकेक अक्षर सावकाश सांगितलं. मग जन्मतारीख. मग पत्ता विचारला, तेव्हा त्याने एकदा आईकडे पाहिलं आणि घराचा दिला.