फस्क्लास हाय, ताई

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून माझा एटीएमचा पिनसुद्धा लपत नाही. तुम्हाला का सांगतोय — ते नका विचारू. बसा जरा.

माझा धंदा पंप दुरुस्तीचा. रबाळ्याच्या कंपन्यांत पंप कुरकुरला की मला बोलावतात. प्रेशर किती, फ्लो किती, एवढं बघितलं की आत काय बिघडलंय ते मी झाकण न उघडता सांगतो. फुशारकी नाही मारत. मुद्दाम सांगतोय, कारण पुढे तुम्ही म्हणाल, बिचाऱ्याला डॉक्टरचं बोलणं कळलं नसेल. कळलं होतं हो. चांगलं कळलं होतं.

माझ्या ताईच्या दोन्ही किडन्या गेल्या. आई लवकर गेली, तेव्हापासून ताईनेच मला वाढवलं. माझ्या शाळेच्या डब्यासाठी स्वतःची शाळा सोडलेली बाई ती. डायलिसिस करून आली की दोन पायऱ्या चढून धापा टाकत बसायची. किडनी कोण देणार, म्हणून सगळे जमले. भावजींना शुगर. मी सगळ्यांदेखत छाती पुढे काढून बोललो, "माझी घ्या!"

बोलून तर बसलो. मग टेस्ट सुरू झाल्या. एकेक रिपोर्ट चांगला यायचा, घरचे खूश व्हायचे, आणि मी देवळात पळायचो. गावदेवीपुढे हात जोडून मी काय मागायचो, माहितीये? एखादी टेस्ट फेल होऊ दे. एकही झाली नाही. परवानगीचे कागदही हातात आले. फक्त ऑपरेशनची तारीख पडायची बाकी होती.

आणि हॉस्पिटलातून फोन आला. ताईचं नाव वेटिंग लिस्टवरही होतंच. कुणा वयस्कर माणसाच्या घरच्यांनी त्याच्यामागे अवयव दान केले होते, आणि ताईचा नंबर लागला होता. भावजींना कळंबोलीहून यायला वेळ होता, म्हणून मीच ताईला घेऊन गेलो. गाडी चालवताना मी चक्क शीळ घालत होतो!

डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं. किडनी मशिनवर ठेवली होती. तिच्यातून थंड द्रव पंपाने सारखा फिरवतात, आणि तो किती सहज वाहतो, त्यावरून किडनीचा अंदाज घेतात. त्यांनी मोबाइलवर मशिनचे आकडे दाखवले. आधी फ्लो कमी होता. मग वाढला. आणि मग, वाढायचा तिथे अडकूनच बसला. प्रेशर तेवढंच, फ्लो पुढे सरकेना. डॉक्टर म्हणाले, "नुसत्या आकड्यांवर मी हिला नाकारणार नाही. बाकी तपासण्या बघता चालेल. पण मध्यम आहे, किती वर्षं टिकेल सांगता येत नाही. भावाची जुळलीय, थोडं थांबलात तर ती जास्त चांगली. तुम्ही ठरवा, पण लवकर." आणि ते आम्हाला बोलू द्यायला बाहेर गेले.

ताईला त्यातलं अर्धंच कळलं होतं. तिने माझा हात धरला.

"तू पंपवाला हायस. तूच सांग, कशी हाय?"

आता सांगा — काय कठीण होतं? जे डॉक्टर बोलले तेच आपल्या बोलीत सांगायचं होतं. 'ही मध्यम हाय, माजी बरी हाय' — बस, एवढंच. ते शब्द माझ्या तोंडात होते. पण माझ्या डोळ्यांपुढे माझंच पोट आलं, चिरलेलं. आणि मी हसलो. हसलो हो!

"फस्क्लास हाय, ताई. डॉक्टर लोक घाबरवतातच. घे लावून."

"तू बोल्लास ना, मंग झाला," ती म्हणाली, आणि अंगठ्याएवढी सही करून मोकळी झाली.

किडनी लागली. चालू व्हायला वेळ लागला, पण चालली. आणि माझा मान वाढला! कुणाच्याही हळदीला ताई मला पुढे बसवते आणि सांगते, "माजा भाव सोताची किडनी देत होता मना." मी मान खाली घालतो. लोकांना वाटतं, केवढा साधा माणूस!

माझी दिली असती तर जास्त वर्षं टिकली असती का? कुणास ठाऊक. पण ते ताईने ठरवायचं होतं. मी तिला ठरवूच दिलं नाही.

गेल्या रविवारी तिच्याकडे जेवायला गेलो होतो. नवे रिपोर्ट आलेत. किडनी थकत चाललीय. पुन्हा डायलिसिसची तयारी ठेवा, म्हणालेत. मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली, "तू आता नाव काडू नको. तुला दोन पोरी हायेत. तुजी मना नको."

आणि मला बरं वाटलं. त्या दिवशी तिने सही केल्यावर वाटलं होतं, अगदी तसंच.

ती आत गेली, आणि माझ्यासाठी जिताडा माशाचा मोठा तुकडा घेऊन आली. मी तो खाल्ला.