दारावर जाणारे रुपचंदभाऊ

पिंप्राळ्यात कुणाकडे मयत झाली आणि घरातलं एखादं माणूस रडेना, पाणी घेईना, नुसतंच भिंतीकडे बघत बसलं, की लोक म्हणत, "रुपचंदभाऊंना येऊ द्या."

भाऊंची सगळी नोकरी लाइनमनची. खांबांवर चढून अर्ध्या जळगावची घरं त्यांना ओळखीची झालेली. पण गावात त्यांचं नाव होतं ते दारावर जाण्यासाठी. दुखवट्याच्या घरी भेटायला जाणं म्हणजे खानदेशात दारावर जाणं. भाऊ चपला लांब काढायचे, ओट्यावर टेकायचे, तंबाखूची डबी खिशातून काढून तशीच परत ठेवायचे आणि हळूहळू सरकत बरोबर त्या न रडणाऱ्या माणसाजवळ जाऊन बसायचे. फार बोलायचे नाहीत. "शेवटलं काय खादं व्हतं त्यानी?" एवढंच एखाद्या आईला विचारायचे, आणि ती बाई जी फुटायची ती पोटातलं सगळं बाहेर येईपर्यंत थांबायची नाही. ते कसं जमतं, असं सुनंदाबाईंनी एकदा नवऱ्याला विचारलं होतं. "जमत काय? त्या घरात पाय ठेवला की माझ्याच पोटात गोळा येतो. तो ज्या बाजूला ओढतो तिकडे जाऊन बसतो," ते म्हणाले होते.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात न्हाणीघरात त्यांना झटका आला. डावा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं. दवाखान्यातून घरी आले तेव्हा मात्र हात उचलत होते, चालत होते, बोलत होते. भेटायला येणारा प्रत्येक जण "थोडक्यात निभावलं" म्हणत होता. सुनंदाबाईही तेच म्हणत होत्या.

घरी आल्यावर पहिल्यांदा लक्षात आली ती तंबाखू. मिसरूड फुटल्यापासूनचं व्यसन. देव्हाऱ्याखालच्या फळीवर डबी जिथल्या तिथे होती, पण भाऊ तिच्याकडे ढुंकून पाहीनात.

"नको वाटते का?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"नको असं नाही. हवीशी वाटत नाही."

मग एक दिवस त्या बाजारातून परतल्या तर आदल्या दिवशीचं भरीत, फेकायचं म्हणून मोरीपाशी काढून ठेवलेलं, आंबून वर फेस आलेलं, ते भाऊंनी भाकरीशी पुसून खाल्लं होतं. तोंड वाकडं केलं नाही, नाकही मुरडलं नाही. "वास नाही आला?" त्या ओरडल्या. "आला ना," भाऊ म्हणाले, "वास येत होता."

त्याच सुमारास शेजारच्या भिकुबाई सांडपाण्याच्या पाइपावरून भांडायला आल्या. हे भांडण जुनं, आणि भाऊ त्यात कधी हार जाणारे नव्हते. भिकुबाईंनी त्यांचं खानदान काढलं, बापाचा उद्धार केला, शेवटी दम लागून थांबल्या. भाऊ शांतपणे म्हणाले, "व्हयनं का? मग मी चहा पेस आते." आणि आत निघून गेले.

भिकुबाई दारात उभ्याच राहिल्या. संध्याकाळी त्यांनी ओट्यावर जमलेल्या बायकांना सांगितलं, "तो माणूस वर पोची गया. राग नही, लोभ नही. तंबाखू सुटनी, जिभेची चव सुटनी. आजून काय पाहिजे?"

आठवडाभरात लोक भाऊंच्या पाया पडू लागले. कुणी मुक्ताईनगरला चला म्हणायचं, कुणी घरातल्या आजाऱ्याला त्यांच्यासमोर आणून बसवायचं. भाऊ समोरच्याकडे एकटक बघत राहायचे, आणि तेवढ्यावरही लोकांचं समाधान व्हायचं. सुनंदाबाई मात्र रोज रात्री थकून पडायच्या. बट्टी तळताना तेल उडून त्यांच्या मनगटावर फोड आले तेव्हा भाऊ दोन हातांच्या अंतरावर बसलेले होते. त्यांनी फोडाकडे पाहिलं, बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "बट्टी झाली का?"

संताचं काहीतरी वेगळं असतं, हे त्यांना कळत होतं.

शेवटी त्या भाऊंना मेंदूच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि उगाच घाई करत नव्हत्या. त्यांनी फोटो उजेडात धरून कानाच्या वर, आत दडलेली एक घडी दाखवली. उजव्या बाजूची ती घडी झटक्यात वाळली होती. "आपल्या शरीराच्या आतल्या बातम्या इथे येतात," त्या म्हणाल्या. "छाती धडधडली, पोटात कालवलं, किळस आली, तलफ आली, सगळं. आणि समोरचा माणूस रडतोय हे डोळ्यांना दिसलं, की इथेच आपल्याही पोटात काहीतरी हलतं. त्यावरून मेंदूचे बाकीचे भाग ठरवतात, की आत्ता हे महत्त्वाचं, बाकीचं सोडा. यांना रडणं दिसतं, रडणं आहे हे समजतंही. पण आत काही हलत नाही."

भाऊ लक्ष देऊन ऐकत होते. "म्हणजे सप्लाय चालू आहे, लाइनही ठीक आहे," ते म्हणाले. "दारावर कोणी आलं तर बेल वाजत नाही."

"तसंच म्हणा."

"बेल बदलता येते."

"ही नाही येत, काका." मग त्या सुनंदाबाईंकडे वळल्या. "सगळ्यांनाच असं होतं असं नाही, आणि काहींना थोडंफार परतही येतं. पहिल्या दोन वर्षांत नाही आलं, तर फार आशा मी देणार नाही. पण शिकण्याचा भाग शाबूत आहे. आतून येत नसेल तर बाहेरून नियम द्या. अमुक झालं की तमुक करायचं. शिकतील."

सुनंदाबाई घरी आल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत. डोक्यात फरक पडला म्हटलं की गल्ली दुसऱ्या दिवसापासून वेडा म्हणणार. संताची बायको असणं त्यातल्या त्यात सोपं. लोक फुलं आणत होते, आणू दिली. ही त्यांची चूक होती, आणि ती पुढे धुळ्याला जाऊन उगवली.

धुळ्याला देवपुरात भाऊंची धाकटी बहीण, झुंबरबाई. आई लवकर गेल्यामुळे भाऊंनीच तिला खांद्यावर वाढवलेली. चैत्राच्या शेवटी तिचे यजमान गेले. निरोप येताच दोघं पहिल्या गाडीने निघाली. दारात मांडव पडला होता, आत प्रेत ठेवलेलं होतं. झुंबरबाई रडत नव्हत्या. भाऊची वाट पाहत भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या.

भाऊ आत आले, उभ्या उभ्या चौफेर नजर फिरवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ऊन चढी ऱ्हायनं. लवकर उचला, नही ते वास मारी." मग बहिणीकडे वळून म्हणाले, "झुंबर, जेवण कव्हय शे?"

कुणीतरी सावरून घेतलं, "संत माणूस. माया तुटली त्यांची."

"माया तुटनी ते ऊना कसाले?" झुंबरबाई म्हणाल्या. मग त्यांनी सुनंदाबाईंकडे पाहिलं. "तूच दगड करी टाकं मना भाऊले. पाया पडाले माणसं येतस ना तुन्हा दारवर? तठेच बठा."

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "तेराव्याले लुगडं धरी येऊ नको. मना भाऊ मरी गया, अस समजसू मी." आणि फोन बंद झाला.

त्यांच्यात तेराव्याला, गंधमुक्तीच्या दिवशी, भावाने आणलेलं लुगडं घेतल्याशिवाय विधवा बहीण उंबऱ्याबाहेर पाय ठेवत नाही. दुसऱ्या कुणाचं चालत नाही. तो दिवस भावाने चुकवला की माहेर संपलं. मग राखी नाही, दिवाळीचं बोलावणं नाही. भाऊंना याचं काहीच वाटणार नव्हतं. वाटणार होतं ते झुंबरबाईंना, आणि सुनंदाबाईंना. आपण तोंड मिटून बसलो म्हणून एका बाईचा नवऱ्यापाठोपाठ भाऊही जाणार, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. फोन लावायच्या, घंटी वाजायची, कुणी उचलायचं नाही. उचलला असता तरी फोनवर नेमकं काय सांगायचं, तेही त्यांना सुचत नव्हतं.

शेवटी त्यांनी लुगडं घेतलं, आणि नवऱ्याला शिकवायला बसल्या.

दुपारी दार लावून त्या स्वतः झुंबर होऊन भिंतीशी बसायच्या, तोंडावर पदर ओढायच्या. "मी रडतेय. तुम्ही काय करायचं?"

"जेवण विचारायचं नाही."

"ते झालं. करायचं काय?"

"जवळ बसायचं. तू माझ्या गुडघ्याला हात लावलास की मी तिच्या डोक्यावर हात ठेवायचा."

पहिल्यांदा हात डोक्यावर पडला तो असा, की त्या कळवळल्या. "बल्ब फिट करताय का? हळू." दुसऱ्यांदा हळू पडला. भाऊ शिकायला हुशार होते. नोकरीत सगळे नियम त्यांचे तोंडपाठ असत. "मग काय बोलायचं?" त्यांनी विचारलं. "काही नाही. गप्प बसायचं." मग सुनंदाबाई उठून स्वयंपाकाला लागायच्या. गुडघे दुखायचे. दिवसभर दोघांपुरतं एकटीनेच मनाला लावून घेणं, त्यांच्या वाटचं हसणं, लाजणं, दिलगिरी, सगळं आपणच पुरवणं, याने त्यांना पाण्याच्या हंड्याखाली वाकल्यासारखं होत असे.

तेराव्याच्या सकाळी देवपुरात ऊन भाजत होतं. दारातल्या माणसांनी वाट दिली, पण कुणी "या" म्हणालं नाही. आत बायका दाटून बसल्या होत्या. झुंबरबाईंनी दोघांना पाहिलं आणि तोंड फिरवलं.

भाऊ ठरल्याप्रमाणे जवळ जाऊन बसले. सुनंदाबाई त्यांच्या पलीकडे बसल्या. मग झुंबरबाईंची पाठ हलू लागली. इतके दिवस अडून राहिलेलं तिथे, भाऊच्या शेजारी, आपोआप सुटलं. सुनंदाबाईंनी नवऱ्याच्या गुडघ्याला बोट लावलं. भाऊंनी बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला. हळू, शिकवल्याप्रमाणे.

झुंबरबाईंनी मोठा टाहो फोडला. बायकांचे पदर डोळ्यांना लागले. कुणीतरी म्हणालं, "कितीही झालं तरी रक्त आहे." झुंबरबाई रडत राहिल्या, हुंदक्यांवर आल्या, मग शांत होत गेल्या. हात होता तिथेच होता. आता तो अवघडला होता. सुनंदाबाईंच्या लक्षात आलं, हात ठेवायचं आपण शिकवलं, काढायचं शिकवलंच नाही. त्यांनी पुन्हा गुडघ्याला बोट लावलं. त्याने घोटाळाच झाला. भाऊंनी आणखी जोर दिला आणि त्यांच्याकडे वळून, दुखवट्याच्या त्या शांततेत, स्वच्छ आवाजात विचारलं:

"आता काढू का हात?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि दाबलं. सुनंदाबाईंना जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

झुंबरबाईंनी हाताखालूनच डोकं वळवलं. आधी भावाकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर राग नव्हता, माया नव्हती, लाजही नव्हती, फक्त उत्तराची वाट होती. मग वहिनीकडे पाहिलं.

"काय व्हयेल शे याले?" त्यांनी विचारलं.

सुनंदाबाईंनी सांगितलं, सगळ्या बायकांसमोर. झटका, डोक्यातली ती घडी, आंबलेलं भरीत, बेल. "संत-बिंत काही नाही, ताई. त्यांना आतून कळत नाही. दिसतं, पण लागत नाही. त्या दिवशीही तसंच झालं. मी आधीच सांगायला हवं होतं. लोक वेडा म्हणतील म्हणून बोलले नाही."

"आनि हाऊ हात?"

"मी शिकवला."

"लहानपणी कधी डोक्यावर हात ठेवला नही यानी," झुंबरबाई म्हणाल्या. "शेंडी वढे मनी. रडनू का आखो वढे, हसाले लावे. म्हनूनच माले वाटनं, हाऊ हात याना नही." नाक पुसून त्या म्हणाल्या, "तुना शे, वहिनी."

"काढू का?" भाऊंनी पुन्हा विचारलं. हात दुखत होता त्यांचा.

"काढ रे भाऊ. काढ आते. आनि लुगडं दे."

भाऊंनी पिशवीतून लुगडं काढून बहिणीच्या ओटीत ठेवलं. ती उठली, त्यांच्या मागोमाग उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं, क्षणभर उन्हात उभी राहिली आणि पुन्हा आत गेली. जेवताना तिने भावाच्या ताटात स्वतः वाढलं. "शिळं नही, ताजं शे," म्हणाली. एकदोघी हसल्या. भाऊ जेवत राहिले.

परतीच्या गाडीत खिडकीजवळची जागा मिळाली. सुनंदाबाईंनी डोकं गजाला टेकवलं. एवढं सगळं सुटूनही त्यांना हलकं वाटत नव्हतं. फक्त झोप येत होती. उद्या गल्लीत भिकुबाईंनाही सांगावं लागेल. परवा दुसऱ्या कुणाला. मग पुढच्या दुखवट्याला पुन्हा नवं काहीतरी शिकवावं लागेल. डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

भाऊ त्यांच्याकडे पाहत होते. "तू रडतेयस," ते म्हणाले.

"हो."

"गुडघ्याला हात नाही लावलास."

"नाही लावला."

"तुझ्याही डोक्यावर ठेवायचा का?"

सुनंदाबाईंनी बाहेर पाहिलं. धुळं मागे पडलं होतं, दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी रानं तापत होती.

"ठेवा," त्या म्हणाल्या. "पारोळा आलं की काढा."

हात डोक्यावर आला. जड होता, पण बल्बसारखा नव्हता. त्या डोळे मिटून बसल्या. गाडी पारोळ्याच्या स्टँडवर शिरली आणि भाऊंनी हात काढला.

सुनंदाबाई जाग्याच होत्या. त्यांनी डोळे उघडले नाहीत. पुढच्या एरंडोलपर्यंत सांगायला हवं होतं, असं त्यांना वाटलं.