डब्यांत भरलेला रोबोट

तुम्ही दोघांनी पाठवलेला रोबोटचा खोका आला तेव्हा मी तो आधी ओल्या फडक्याने पुसला. भद्रावतीत बाहेरून आलेली वस्तू पुसूनच आत घ्यावी लागते, कोळशाची धूळ कशालाही सोडत नाही. मग खोका उघडला, आतल्या पिशव्या कात्रीने कापल्या आणि घरात किराणा आल्यावर जे करते तेच केलं. पिशव्या रिकाम्या करून माल डब्यांत भरला. पांढरे तुकडे रव्याच्या डब्यात, निळे साबुदाण्याच्या, लाल मसाल्याच्या वाट्यांत. राखाडी सगळ्यात जास्त होते, ते पिठाच्या जुन्या डब्यात. रिकाम्या पिशव्या घडी घालून कचऱ्यात टाकल्या. टेबल इतकं नीटनेटकं दिसत होतं की मला फार बरं वाटलं. त्या आठवड्यात या रोबोटने मला तेवढंच एक सुख दिलं.

हे सगळं मी कशासाठी आरंभलं होतं ते आधी सांगते. रविवारी सकाळी तुमच्या आईचा व्हिडिओ कॉल येतो, तेव्हा तुमच्याकडे शनिवारची संध्याकाळ असते. ताई तरी पाच मिनिटं बसते, शाळेचं सांगते. पण धाकट्या, तू एका वाक्यापुरता दिसायला लागला होतास. ‘आजी, मी बरा आहे,’ आणि मग तुझी पाठ आणि एक बंद होणारं दार. मला राग यायचा, पण कुणावर काढायचा ते कळायचं नाही. आणि मग एका रविवारी तू आपणहून फोनसमोर बसलास. तू तुकडे जोडून तो मोठा मेका, म्हणजे लढाऊ रोबोट बांधला होतास, ताईने त्याला दहापैकी नऊ मार्क दिले होते, आणि तुला ते खरे वाटत नव्हते. ‘आजी खरे मार्क देईल,’ तू म्हणालास, ‘ती टीचर होती. पण तिने स्वतः बांधला पाहिजे, तरच मोजायचे.’ तुम्ही मला तसाच एक खोका पाठवायचा आणि पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी मी तयार रोबोट दाखवायचा असं ठरलं. तो उभा राहिला तर तू फोनसमोर बसणार होतास. मला तरी तसं वाटत होतं.

मी आयुष्यभर फॅक्टरीच्या कॉलनीतल्या मुलांना इंग्रजी शिकवलं. सूचना वाचून काम करणं यात अवघड काय, म्हणून चष्मा पुसून, पेन्सिल घेऊन बसले. पुस्तिका उघडली तर तिच्यात एक शब्द नव्हता. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नुसती चित्रं, बाण आणि आकडे. तुकड्यांना नाव नाही, कृतीला क्रियापद नाही. सुरुवातीला एका पिशवीचं चित्र होतं. मला वाटलं, पिशव्या उघडा असं सांगताहेत, आणि त्या तर मी उघडल्याच होत्या. त्या पिशवीवर बारीक एक आकडा होता. पुढे आणखी पिशव्या आणि आणखी आकडे आले, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्रत्येक पिशवीतला माल वेगळ्या भागासाठी होता. छाती एका पिशवीत, पाय दुसऱ्या, हात तिसऱ्या. आणि मी सगळ्या रोबोटचा रव्यासारखा एकच ढीग करून ठेवला होता.

आता प्रत्येक तुकड्यासाठी पिठाच्या डब्यात हात घालायचा, मूठभर राखाडी ताटात काढायचे आणि बोटाने चाळत बसायचं. चित्रातला राखाडी दोन प्रकारचा होता, थोडा गडद आणि थोडा फिका. आमच्या ट्यूबलाइटखाली ते दोन्ही सारखेच दिसायचे, म्हणून मी ताट घेऊन व्हरांड्यात बसू लागले. तिथे अर्ध्या तासात पांढरे तुकडेही राखाडी होऊ लागले, म्हणून परत आत.

तशीच एकदा व्हरांड्यात बसले असताना आमची मासोळीवाली आली. तलावातले झिंगे घेऊन ती आठवड्यातून दोनदा येते. टोपली उतरवून ती ताटात डोकावली.

‘काय निवडून राह्यल्या जी बाई? मले वाटलं डाळच हाय.’

‘नातवाचं खेळणं आहे. जोडायचं आहे.’

‘नातू कुठी हाय?’

‘परदेशात.’

‘अन् खेळणं इथी? मग खेळून कोन राह्यलं?’

मी म्हटलं, झिंगे किती ते सांग. ती हसत हसत मोजू लागली. जाताना म्हणाली, ‘मोठ्या बाई, चष्मा बदला, नाई तं भाजीत टाकान हे.’

घरात आजोबा वेगळा त्रास देत होते. तुम्हाला ठाऊक आहे, फॅक्टरीतली त्यांची सगळी नोकरी तपासणीत गेली. त्यांनी कधी काही बनवलं नाही, दुसऱ्यांनी बनवलेलं नापास केलं. मी त्यांना म्हटलं, अहो, जरा हा खांदा धरा. ते म्हणाले, ‘जो तपासतो त्याने हात लावायचा नसतो.’ आणि खुर्चीत बसून बघत राहिले. छाती झाली तेव्हा त्यांनी ती डोळ्यासमोर आडवी धरली आणि ‘डावीकडे फट आहे’ म्हणाले. फट खरंच होती. ती बुजवायला मला निम्मी छाती उसवावी लागली. त्या संध्याकाळी मी त्यांना चहा दिला नाही.

त्यात माझी बोटं. तुमची बोटं बारीक आहेत, तुकडा बसवताना तुम्हाला नुसतं दाबावं लागत असेल. मला अंगठ्याने जोर लावावा लागतो आणि मग अंगठा रात्रभर ठणकतो. चुकीचा बसलेला तुकडा काढायला मी लोणच्याचा चमचा वापरत होते. तरीही शनिवारी सकाळी रोबोट पुरा झाला. दोन पाय, दोन हात, हातात तलवार, पाठीवर पंख. मी तो बैठकीतल्या शोकेसमध्ये, तुमच्या आईच्या लग्नाच्या फोटोशेजारी उभा केला. तो उभा राहिला. आजोबांनी चारी बाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, ‘उद्यापर्यंत ठेव, मग सांगतो.’

दुपारी नेहमीप्रमाणे कोळशाच्या खाणीत सुरुंगांचं ब्लास्टिंग झालं. तुमच्या आईला सवय आहे, तुम्हाला नाही. आवाज लांबून येतो, पण जमीन हलते, खिडकीची तावदानं थरथरतात आणि मांडणीवरची भांडी किणकिणतात. आम्ही मान वर करत नाही. मी त्या दिवशी केली, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या रोबोटचे गुडघे हळूहळू वाकले, तो खाली बसला आणि मग तोंडावर आपटला. पंख सोफ्याखाली गेले.

‘रिजेक्ट,’ आजोबा म्हणाले.

मी पंख सोफ्याखालून काढले. पुन्हा उभा केला, पुन्हा बसला. आता तर ब्लास्टिंगही नव्हतं. पुस्तिकेतलं प्रत्येक चित्र मी पुन्हा ताडून पाहिलं. सगळं जसंच्या तसं होतं. चूक कुठे ते सांगायला त्या पुस्तिकेकडे एक वाक्यही नव्हतं. रविवारी फोन वाजला तेव्हा रोबोट ताटात आडवा होता.

धाकट्या, तू आलास, पाहिलंस आणि म्हणालास, ‘झोपलाय का?’

‘उभा राहत नाही,’ मी म्हटलं. ‘सगळं चित्राप्रमाणे केलंय.’

‘कोणत्या पिशवीपर्यंत ठीक होता?’

मग मला डबे दाखवावे लागले. फोन पिठाच्या डब्यावर धरला तेव्हा ताई हसत सुटली. तू हसला नाहीस. तुझा चेहरा असा झाला की मला वर्गातल्या मुलासारखं वाटलं.

‘आजी, असं कुणी करतं का? नंबर कशाला दिलेत मग?’

‘तसं लिहायला काय झालं होतं त्यांना?’

‘लिहायची काय गरज आहे?’

‘गरज आहे,’ मी म्हटलं, आणि आवाज चढला तो चढलाच. तुझाही चढला. तू मला गुडघा फोनजवळ आणून वाकवायला लावलास. आवाज आला नाही. मग मनगट. मनगट कटकट वाजलं.

‘बघ. दिसायला दोन्ही सांधे सारखे असतात, पण कटकट वाजतात ते पायाचे, ते घट्ट बसतात. तू ते हाताला लावलेस. एकाच डब्यात टाकल्यावर दुसरं काय होणार? आता दोन्ही हात काढ आणि दोन्ही पाय काढ.’

‘नवं बांधणं सोपं पडेल मला.’

‘मग नवं बांध. आधी मार्क दे.’

मी दहापैकी चार दिले. तुला ते सहन झालं नाही. ‘चूक तुझी आणि मार्क रोबोटचे का कापतेस?’ असं तू विचारलंस. मी म्हटलं, ज्या खेळण्यात पायाचा सांधा आणि हाताचा सांधा डोळ्यांना सारखा दिसतो आणि ते सांगायला एक शब्द छापलेला नसतो, त्याला मी पास करणार नाही. तू म्हणालास की सगळ्या जगाला कळतं. मी म्हटलं, सगळ्या जगाची जमीन दुपारी हलत नाही. मागून आजोबा म्हणाले, ‘चारही जास्त आहेत,’ तेव्हा तू त्यांच्याशीही भांडलास. तुमची आई जेवायला हाक मारत होती. तू ‘थांब’ म्हणालास. तिने पुन्हा हाक मारली, तू मान न वळवता पुन्हा ‘थांब’ म्हणालास आणि मला विचारलंस, पंखांचे मार्क वेगळे धरलेस का. मी धरले नव्हते. मग त्यावरून वाद सुरू झाला. माझा चहा समोर गार झाला होता.

आता हात आणि पाय काढून झाले आहेत. प्रत्येक राखाडी सांधा मी कानाशी धरून वाकवते, कटकटणारे वेगळ्या डब्यात टाकते. आजोबांचा कान माझ्यापेक्षा बरा आहे, पण ते अजूनही हात लावायला तयार नाहीत. अंगठा दुखतो आहे. पंखांसाठी अर्धा मार्क वाढवता येईल, असं मी तुला कबूल केलं आहे. साडेचारच्या वर मी येणार नाही, तू कितीही भांडलास तरी.