लिव्हिड आजोबा आणि नीलचं जावळ

नील, तू भारतात दोन वर्षं उशिरा आलास, ते माझ्या उत्तम इंग्रजीमुळे.

तुझे बाबा ही गोष्ट 'तेव्हा आजोबा फार चिडले होते' अशी सांगतात. ते तितकंसं खरं नाही. म्हणून नीट लिहून ठेवते. तुझ्या ताईलाही वाचून दाखव.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी, तू अकरा महिन्यांचा असताना, तुम्ही कोल्हापूरला येणार होता. तुझं जावळ जोतिबावर काढायचं होतं. आपल्या घरात बाळाचे पहिले केस तिथंच उतरतात. आजोबांनी जीप ठरवली, उचगावच्या आत्याला निरोप धाडला आणि गल्लीत दिसेल त्याला पेढे खायला बोलावलं. (त्यातले दोघे नुसते पत्ता विचारायला थांबले होते.)

आणि अमेरिकेहून तुझ्या बाबांचं पत्र आलं. केस डोळ्यांत जात होते, म्हणून तिथल्याच सलूनमध्ये कापले. सोबत फोटो. फोटोत तू हसत होतास.

आता, आजोबांनी घरात मीठ मागितलं तरी शेजारणीकडून वाटी यायची. त्या दिवशी तर समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली! सलूनमध्ये कशाला कापले, देवाला आता फोटो दाखवायचा काय, असं तासभर चाललं.

मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. तुझ्या बाबांना पत्रं इंग्रजीतच लिहायची, त्याचं इंग्रजी सुधारावं म्हणून. (तो अमेरिकेत इंजिनिअर होता, तरीही.) माझ्या वहीत रागाचे शब्द चढत्या क्रमानं मांडलेले होते: अ‍ॅनॉइड, अँग्री, फ्युरियस आणि सगळ्यांत वर लिव्हिड. लिव्हिड म्हणजे संतापानं चेहऱ्याचा रंगच बदलणं. इतका नेमका शब्द, आणि वापरायची संधी कधी आलीच नव्हती! मी लिहिलं, 'युवर फादर इज लिव्हिड.' वाक्य इतकं आवडलं की पत्र लगेच पेटीत टाकून आले.

परत येते तर आजोबा भाकरी खात बसलेले.

"केसच हायत की गं," ते म्हणाले. "परत येत्यात. जोतिबा काय मोजत बसलाय व्हय?"

त्याच दुपारी दुसरं पत्र लिहायला हवं होतं. नाही लिहिलं. खरं सांगते, तो शब्द मागं घ्यायला जिवावर आलं.

तिकडे तुझ्या बाबांना धडकी भरली. आई शब्द तोलून वापरते, हे त्याला लहानपणापासून माहीत. त्यानं भीत भीत फोन केला. अमेरिका लांब, म्हणून आजोबा नेहमीपेक्षा दुप्पट आवाजात बोलले, "कवा येणार हायसा?" पलीकडून फोन कट झाला. आठवड्यानं पत्र आलं: 'तिकिटं रद्द केली आहेत, बाबा शांत झाले की येऊ.'

आजोबा ते पत्र ऐकूनच शांत झाले. आमच्या घरात घड्याळाची टिकटिक मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. जीपवाल्याला नको म्हणून सांगायला ते स्वतः चालत गेले. परत आल्यावर विचारलं, "तू त्याला काय लिवलंतंस?"

मी अर्थ सांगितला. ते उठून आरशासमोर उभे राहिले.

"चाळीस वर्सं उनात उसाच्या फडातनं हिंडलो, तवा ह्यो रंग बदलला न्हाय," ते म्हणाले. मला हसू आलं, पण ते हसले नाहीत. "राग आलता, मग जेवला, असं लिवायचं की."

त्यानंतर मी तीन पत्रं लिहिली, तिन्ही मराठीत. पण मग कधी बाबांना रजा नाही, कधी तिकीट नाही, असं करत दोन वर्षं गेली.

तू आलास तेव्हा तीन वर्षांचा होतास. आजोबा सकाळपासून दारात उभे. तुला बघताच दोन्ही हात पसरून त्यांनी अशी आरोळी ठोकली, की तू बाबांच्या पायामागं लपलास. मग माझ्याकडे बघून हळूच विचारलंस, "इज ही अँग्री?"

मी खाली बसले. अगदी शुद्ध उच्चारात तुला इंग्रजीत सांगितलं, की नाही बाळा, आजोबांना आनंद झालाय, खूप आनंद.

तू सगळं ऐकून घेतलंस, आणि मग वळून तेच बाबांना विचारलंस.

आजीच्या इंग्रजीची आधी दुसरीकडे खात्री करून घ्यावी, एवढी अक्कल तुला तिसऱ्या वर्षी होती. तुझ्या बाबांना ती तिसाव्या वर्षी तरी असती, तर!