काचेवरची तिकली

डोंबिवली पश्चिमेला एका रक्त-लघवी तपासणीच्या लॅबमध्ये मी अकरा वर्षं मावशी म्हणून काम केलं. झाडलोट, नळ्या धुणं, नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं आणि तयार रिपोर्ट हॉस्पिटलांत पोचवणं. मी चौथीपर्यंत शिकलेली. मराठी नीट वाचते, लिहिते. इंग्रजी आकडे येतात. इंग्रजी अक्षरं आजही येत नाहीत. हे मी लॅबमध्ये कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं.

नव्वद सालानंतर तिथे कॉम्प्युटर आला. त्याआधी रिपोर्ट टाइप व्हायचे. कॉम्प्युटर सुरू व्हायला फार वेळ घ्यायचा, म्हणून सकाळी साडेसहाला मी आले की आधी त्याचं बटन दाबायचं आणि मग झाडू हातात घ्यायचा, असा शिरस्ता पडला. लॅबमधली टेक्निशियन ताई साडेसातला यायची. तोवर मशीन तयार असायचं.

एकदा ते मशीन बसलं. सुरूच होईना. दुरुस्तीवाला आला, दोन दिवस खपला, आणि त्याने आतली सगळी सिस्टिम नव्याने घातली. पण जुनी काढली नाही. तिच्यात आधीचे सगळे रिपोर्ट होते, ते अजून उतरवून घ्यायचे होते. म्हणजे जुनं बिऱ्हाड हललेलं नाही आणि त्याच खोलीत नवं आणून बसवलं, असं झालं.

दुसऱ्या दिवशी बटन दाबलं तर वेगळंच. काळी स्क्रीन, तिच्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांच्या दोन रांगा, आणि खाली एक आकडा. तीस. एकोणतीस. अठ्ठावीस. आकडा कमी कमी होत चालला. मी झाडू टाकून तिथेच उभी राहिले. शून्य झाल्यावर काय होतं ते मला माहीत नव्हतं. मशीन फुटेल असं वाटलं म्हटलं तर हसाल, पण मला तसंच वाटलं. मी भिंतीपर्यंत मागे सरकले.

ताई आल्यावर म्हणाली, "काही नाही हो मावशी. वरची रांग जुनी, खालची नवी. तीस सेकंदांत सांगितलं नाही तर ते आपोआप जुन्यात जातं. बाणाचं बटन एकदा खाली दाबायचं आणि एंटर मारायचं."

"आणि चुकून जुन्यात गेलं तर?"

"तर बंद करून परत. पण जाऊ देऊ नका. दिसायला दोन्ही सारखंच आहे, आपला घोळ होईल."

दिसायला सारखंच आहे, हे मी लक्षात ठेवलं. दोन्ही रांगांची अक्षरंही मला सारखीच दिसत होती. मग मी मला समजेल तसं केलं. कपाळाची एक जास्तीची तिकली पाकिटातून काढली आणि काचेवर खालच्या रांगेशेजारी चिकटवली. आरशावर लावतो तशीच. रोज सकाळी निवडलेल्या रांगेवरची पांढरी पट्टी बाणाने तिकलीपर्यंत आणायची आणि एंटर मारायचं. तीन आठवडे बिनचूक झालं. ताईने तिकली पाहिली आणि हसली. "मशीनला पण सवाष्ण केलंत का?" म्हणाली. काढली मात्र नाही.

त्या काळात आमच्याकडे खाडीकडच्या गावांतून पुष्कळ बायका यायच्या. तिथे एका गावात एकच आडनाव. नवऱ्यांची नावंही दोन-चारच फिरत असायची. त्यामुळे नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं सारखं अशा दोन बाया सापडणं काही नवल नव्हतं. हे आम्हाला ठाऊक होतं. ठाऊक असून घोळ झाला.

चौथ्या आठवड्यात एका गुरुवारी मी नेहमीसारखं बटन दाबलं. दोन रांगा आल्या, आकडा सुरू झाला. पट्टी खाली आणली, तिकलीशेजारी थांबवली, एंटर मारलं. मशीन उघडलं. रोजच्यासारखंच.

दहाच्या सुमाराला पूर्वेच्या एका प्रसूतिगृहातून निरोप आला. काल संध्याकाळी रक्त पाठवलेल्या बाईचा रिपोर्ट लगेच पाठवा, सिझर करावं लागणार आहे, अंगात रक्त कमी आहे, बाहेरून आणावं लागेल. समोर दहा माणसं हात दुमडून बसली होती. ताईने उठून कॉम्प्युटरवर नाव टाकलं, नाव आलं, कागद छापला, पाकिटात घालून माझ्या हातात दिला. मी जिना उतरले, स्टेशनचा पूल ओलांडला, तिथल्या सिस्टरच्या हातात पाकीट दिलं आणि परत आले.

अकरा वाजले असतील. ताई एका म्हाताऱ्याचा मागच्या आठवड्याचा रिपोर्ट शोधत होती. सापडेना.

"मावशी, हे काय? मागच्या आठवड्याचं काहीच नाही यात. कालचं पण नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आपण जुन्यात आहोत. सकाळी कुठली रांग घेतलीत?"

"खालची. तिकलीची."

ताईने हात कपाळाला लावला. "काल तुम्ही गेल्यावर दुरुस्तीवाला येऊन गेला. नवी रांग वर घेतली त्याने, म्हणजे कोणी काही दाबलं नाही तरी नवंच उघडेल. जुनी खाली गेली. सकाळी तुम्ही लावता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

तिने मशीन बंद करून परत लावलं. दोन रांगा आल्या. माझी तिकली खालच्या रांगेशेजारी, जशी होती तशी. आकडा तीसवरून उतरायला लागला. सकाळपासून कॉम्प्युटरवरून एकच कागद बाहेर गेला होता, आणि तो मी नेऊन दिला होता.

ताईने हाताने लिहायची वही उघडली. काल संध्याकाळच्या त्या बाईपुढे ताईचंच अक्षर होतं. ओ पॉझिटिव्ह. मग नव्यात नाव काढलं, ओ पॉझिटिव्ह. परत जुन्यात गेली. तिथे त्याच नावाची, त्याच नवऱ्याच्या नावाची, त्याच आडनावाची बाई होती. गेल्या वर्षीची. वय एका वर्षाने कमी. बी पॉझिटिव्ह. कागदावर तारीख मात्र छापल्या दिवसाची यायची, म्हणजे आजची.

"बीचं रक्त ओच्या माणसाला दिलं तर काय होतं?" मी विचारलं.

ताईने प्रसूतिगृहाचा नंबर काढला. ती फोन फिरवायला लागली. फोन एंगेज. परत फिरवला, एंगेज. लॅबचे डॉक्टर एक वाजेपर्यंत येणार नव्हते. ताईने वहीतला रक्तगट एका कोऱ्या कागदावर लिहिला, सही केली, शिक्का मारला.

तेवढ्यात मी काय केलं ते लिहिते. मी काचेवरची तिकली नखाने काढली. कोणी सांगितलं नव्हतं. बाई मरते की जगते हे माहीत नव्हतं आणि मी तिकली काढत होते. मग कागद घेऊन पळाले.

मी तेव्हा पन्नाशीची होते. पळायची सवय नव्हती. पुलावर कोणीतरी म्हणालं, "मावशी, सावकाश!" मी थांबले नाही. डोक्यात एकच होतं, आकडा. तीस, एकोणतीस, अठ्ठावीस. पायऱ्या चढताना तो चालू, उतरताना चालू. शून्य आलं की परत तीसपासून.

प्रसूतिगृहात बाकावर एक म्हातारी बसली होती. हिरव्या बांगड्या, मांडीवर दुपट्यांची पिशवी. त्या बाईची आई.

"सिस्टर कुठे आहेत?"

"आत हायेत. काय झाला गो बाय?"

"रक्त दिलं का तुमच्या मुलीला?"

"नाय अजून. जावाय गेलाय कल्यानला रगत आनाला. कागूद घेऊन गेलाय."

माझा कागद. सिस्टर बाहेर आल्या तर मी त्यांच्या अंगावरच ओरडले, "तो रिपोर्ट चुकलाय! बी नाही, ओ आहे. त्यांना थांबवा!"

सिस्टरने कागद वाचला. चेहरा कठीण केला. "ओरडू नका इथे. रक्तपेढीवाले नुसता कागद बघून बाटली देत नाहीत. नमुना पाठवलाय सोबत, तो तपासतात ते."

"नक्की तपासतात?"

"तपासायला पाहिजे," त्या म्हणाल्या. तपासतात असं म्हणाल्या नाहीत. आत जाऊन फोन लावायला लागल्या.

मी म्हातारीशेजारी बसले. ती विचारत होती, काय झाला, काय झाला. मी म्हटलं, "काही नाही, कागदात चूक होती, ती आणून दिली." तेव्हा लक्षात आलं, तिकली माझ्या अंगठ्याला चिकटली आहे. मी अंगठा मुठीत धरला. तसाच पाऊण तास.

जावई रिकाम्या हाताने आला. घामाने भिजलेला. रक्तपेढीवाल्यांनी नमुना तपासला, तो कागदाशी जुळेना. डॉक्टरांकडून नवीन चिठ्ठी आणा म्हणाले, आणि परत पाठवला. म्हातारी त्याच्यावर खेकसली, "रिकामा कसा आलास रं?" सिस्टरने नवा कागद दिला. तो उलट्या पावली परत गेला. या सगळ्यात दीड-दोन तास गेले. ती बाई आत होती. आवाज येत नव्हता. आवाज येत नाही हे चांगलं की वाईट, ते मी कोणाला विचारलं नाही.

बाई जगली. मुलगा झाला, तोही जगला. हे मला संध्याकाळी फोनवरून कळलं.

त्याआधी दुपारी लॅबमध्ये डॉक्टर आले होते. ताईने त्यांना सगळं सांगितलं, तिकलीचं सोडून. दुरुस्तीवाल्यावर आणि स्वतःवर घेतलं. मीही गप्प होते. पण डॉक्टर कॉम्प्युटरसमोर बसले आणि काचेवर बोट ठेवून म्हणाले, "हा डाग कसला?" तिकलीचा डिंक होता. गोल. नखाने निघाला नव्हता. तो निघाला असता तर मी बोलले असते की नाही, मला माहीत नाही.

"माझी तिकली होती," मी म्हटलं. "मला इंग्रजी वाचता येत नाही. खूण लावली होती."

"मग सांगायचं होतं, मावशी."

"सांगितलं असतं तर तुम्ही वाचता येणारी ठेवली असती."

डॉक्टर म्हणाले, "हो, ठेवली असती." मला कामावरून काढलं मात्र नाही. फोन उचलून दुरुस्तीवाल्याला म्हणाले, "आजच्या आज ती जादा रांग काढून टाका."

तो आला. जुने रिपोर्ट आधी उतरवून घेतले. मग आत कुठेतरी एक लपवलेली फाइल होती, ती उघडी केली, तिच्यातली एक ओळ पुसली आणि मशीन परत लावलं. रांगाही आल्या नाहीत आणि आकडाही नाही. सरळ उघडलं.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच."

"मग चार आठवडे का ठेवली?"

"रिपोर्ट काढून घ्यायचे होते ना, मावशी. वेळच मिळत नव्हता."

त्यानंतर लॅबमध्ये नावापुढे गाव आणि वय लिहायला लागले. मी सकाळी बटन दाबायची ती दाबतच राहिले. पण उघडेपर्यंत समोरून हलत नसे.

तीन-चार महिन्यांनी ती म्हातारी नातवाला घेऊन आली. त्याचं रक्त तपासायचं होतं. मला बघितल्याबरोबर म्हणाली, "हीच ती! माज्या पोरीसाठी धावत आलती!" तिने मुलाला माझ्या हातात दिलं आणि पिशवीतून कागदात बांधलेली सुकट काढून पुढे केली. ताई खाली मान घालून लिहीत होती.

आधीचा चुकीचा कागदही मीच नेला होता, हे मी म्हातारीला सांगितलं नाही. तोंड उघडलं होतं, पण भीती वाटली. पुलावर वाटली त्याहून जास्त. मुलाला परत दिलं, सुकट घेतली, आणि रात्री कांद्यावर परतून घरच्यांना वाढली. मी खाल्ली नाही.