शमीमसाठी टाकलेला शब्द

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हालाच का सांगते आहे? — ठाऊक नाही. दुपारी वाटूरची आमची गल्ली सुस्तावते, भिंतीपलीकडून शमीमच्या शिलाई मशीनची खडखड येत राहते, माझा डोळा लागतो न लागतो, आणि त्या गुंगीत तीच एक दुपार पुन्हा उगवते.

शमीम माझी शेजारीण. नवरा दुसरीकडे संसार थाटून बसला, तेव्हा तिच्याजवळ दोन पोरी आणि चार भांडी उरली. आमच्या बायकांच्या गटातून कर्ज काढायचं, मशीन घ्यायची — एवढंच तिच्या मनात. हात असा, की तिनं बेतलेला ब्लाऊज पुन्हा उसवायला लागत नसे. आणि मी? — मीही शिवायचेच. गावात शिवणारी मी एकटीच होते, म्हणून चालायचं.

गटाची रीत अशी, की नव्या बाईला कर्ज देण्याआधी बँकेचा साहेब शेजारणीला विचारतो — बाई कशी आहे, गावात टिकेल ना? त्या दुपारी तो माझ्या दारात उभा होता. शमीम पलीकडे लिंबाखाली, ऐकू जाणार नाही इतकी लांब. ओढणीचं टोक मुठीत धरून माझ्याकडे बघत होती. किती भरवशानं!

आणि मी हळूच म्हणाले, "तिचं काही खरं न्हाई, साहेब. माहेरी निघून जाईल ती."

तिला माहेर उरलंच नव्हतं. मला ते पक्कं माहीत होतं. जळत होते मी — हो, जळतच होते.

कर्ज नाकारलं गेलं. शमीम लोकांच्या रानात कापूस वेचायला जाऊ लागली, धाकटीला सांभाळायला थोरलीची शाळा सुटली. पुढं साहेब बदलला, दुसऱ्या बायका तिला जामीन राहिल्या, मशीन आली. आता परतूरचे दुकानदार तिच्याकडं कापड पाठवतात. धाकटी जालन्याला कॉलेजात जाते. थोरली घरीच काजं-बटणं करते.

गटाच्या मागच्या बैठकीत शमीम नव्या बायकांना सांगत होती, "भाभी माझ्यासाठी साहेबाला बोलल्या होत्या. मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं. त्यानं ऐकलं न्हाई, पण आपल्यासाठी कुणी तरी बोललं — तेवढ्यावरच मी हिंमत धरली."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. थोरलीनं हसून माझ्यापुढं चहा ठेवला.

"अगं, त्यात काय एवढं," मी म्हणाले. आणि चहा प्याले.